अठरा सामने

राजाभाऊ खैरनारांना बेसबॉलचं वेड लागलं ते कोरियात. देजॉन नावाच्या शहरात एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात तपासनीस म्हणून ते अडीच वर्षं राहिले होते. भाषा येत नव्हती, जेवण घशाखाली उतरत नव्हतं, आणि रविवार खायला उठायचा. तिथल्या एका सहकाऱ्यानं त्यांना एकदा मैदानावर नेलं. गावचा नारिंगी संघ त्या दिवशी सपाटून हरला, तरी लोक शेवटच्या चेंडूपर्यंत गात होते. "हरणाऱ्यांसाठी इतकं गाणारी माणसं मी पहिल्यांदा बघितली," असं राजाभाऊ सांगायचे.

मग कतारची नोकरी लागली. तिथंच श्रेयस गद्रे त्यांच्या हाताखाली आला. राजाभाऊ छप्पन्न वर्षांचे, नाशिकचे. श्रेयस तिशीचा, सांगलीचा. दोघं दोह्याच्या नजमा भागातल्या एका जुन्या इमारतीत दोन खोल्यांत राहायचे. कोरियातले संध्याकाळचे सामने कतारमध्ये दुपारी साडेबाराला सुरू होत. साइटच्या केबिनमध्ये डबा उघडून राजाभाऊ मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवायचे आणि श्रेयसला खेळ समजावून सांगायचे. पहिल्या वर्षी श्रेयस त्यांचं मन राखायला बघायचा. दुसऱ्या वर्षी तोच आधी मोबाइल लावायला लागला.

दोन हजार वीसचा हंगाम मार्चमध्ये सुरू व्हायचा होता. साथ आली आणि तो पुढे ढकलला. दोह्यातही दुकानं बंद झाली, मेट्रो थांबली, औद्योगिक भागातले रस्ते अडवले गेले. राजाभाऊ रोज विचारायचे, "काही तारीख?" अखेर मे महिन्याच्या पाच तारखेला रिकाम्या मैदानावर हंगाम सुरू झाला. खुर्च्यांवर माणसांऐवजी चित्रं लावलेली होती. चेंडू हातमोज्यात पडल्याचा आवाजसुद्धा ऐकू येत होता.

"प्रेतयात्रेसारखं वाटतंय रे," राजाभाऊ म्हणाले. "पण चालू तर झालं."

ईदच्या दिवशी त्यांना ताप आला. तिसऱ्या दिवशी दोन वाक्यं सलग बोलता येईनात. अँब्युलन्सची माणसं अंगभर पांढरे कपडे घालून वर आली. जिन्यात राजाभाऊंचा तोल गेला, चष्मा खाली पडला आणि मागून येणाऱ्याच्या बुटाखाली चुरला. जाड भिंगांचा चष्मा होता तो. त्याच्याशिवाय त्यांना हातातला कागद वाचता येत नसे. जादा जोड नाशिकला, आणि दोह्यातली चष्म्याची दुकानं बंद.

"चष्म्याचं बघतो मी," श्रेयस जिन्यातून ओरडला. राजाभाऊंनी हात वर केला, पण बघितलं दुसरीकडेच.

श्रेयसला चौदा दिवस खोलीतच राहायला सांगितलं. संध्याकाळी पाच वाजता अजरा नावाची नर्स राजाभाऊंच्या मोबाइलवरून त्याला फोन लावायची आणि स्पीकर चालू करायची. पहिल्या दिवशी मागे यंत्राचा सूं सूं आवाज होता. राजाभाऊ एक एक शब्द ओढून काढत होते.

"आज... किती?"

त्यांचा संघ हरला होता. सलग पाचव्यांदा. श्रेयसनं पूर्ण सामना पाहिला होता.

"जिंकले," तो म्हणाला. "चार-तीन."

मग राजाभाऊ म्हणाले, "झकास."

तेवढ्यानं काय बिघडतंय, असं श्रेयसला वाटलं. दुसऱ्या दिवशी संघ पुन्हा हरला. "कसा होता सामना?" राजाभाऊंनी विचारलं, आणि श्रेयसनं एक अख्खा सामना रचून सांगितला. सातव्या डावापर्यंत मागे, मग होमरन. अजरा म्हणाली, आज यांनी सूप संपवलं. त्यानंतर त्याला मागे फिरता येईना. दुपारी तो खरा सामना बघायचा आणि चारपासून त्याचा खोटा सामना बनवायला बसायचा. खोटं वाटू नये म्हणून मधे एखादा पराभवही सांगायचा. खरे पराभव सहा झाले, आठ झाले, दहा झाले. पडद्यावर खेळाडू मान खाली घालून रिकाम्या खुर्च्यांसमोरून चालत जायचे, आणि श्रेयस वहीत लिहायचा : आज आपण जिंकलो, सहा-एक.

राजाभाऊंची पत्नी पुष्पावती नाशिकला मुलीबरोबर राहायची. पूर्णिमा पंचवीस-सव्वीसची, बँकेत नोकरीला. जूनच्या एक तारखेला तिनं श्रेयसला फोन करून आईला ताप असल्याचं सांगितलं. तीन तारखेला पुष्पावतींना दवाखान्यात नेलं. चार तारखेला दुपारी साडेतीनला पुन्हा फोन आला.

"श्रेयसदादा, आई गेली."

श्रेयस उभा होता, तो खाली बसला.

"आत्ता तासाभरापूर्वी. आम्हाला जवळ जाऊ देत नाहीयेत. दादा, बाबांना सांगू नका."

"अगं, पण..."

"तिथल्या डॉक्टरांशी बोलले मी. ते म्हणाले, धक्का बसेल असं काही आत्ता नको. मी त्यांना सांगणार आहे की आईला कोविड सेंटरला ठेवलंय आणि तिथं फोन चालत नाही. तुम्हीही तेच सांगा. मला बाबासुद्धा घालवायचे नाहीयेत." मग ती रडायला लागली आणि फोन बंद झाला.

पाच वाजता अजराचा फोन आला.

"काय रे, आज?"

"पाच-दोन," श्रेयस म्हणाला. त्याला स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "जिंकलो."

"कोणी मारलं?"

श्रेयसनं सांगितलं. कोणी मारलं, किती लांब मारलं, पुढच्या माणसानं कसा दुसरा बेस चोरला. राजाभाऊ हसले, हसता हसता खोकले, आणि खोकून झाल्यावर म्हणाले, "पुष्पाला सांग. परवा मी तिला फोनवर म्हटलं होतं, माझा संघ यंदा अंगात आल्यासारखा खेळतोय. तिला त्यातलं काही कळत नाही, पण खूश होते बिचारी."

"सांगतो," श्रेयस म्हणाला.

त्या रात्री त्यानं स्वयंपाक केला नाही.

पुढचे दिवस तो दोन्ही खोट्या गोष्टी सांभाळत राहिला. वहिनी बऱ्या आहेत, ताप उतरतोय, तिथं मोबाइल जमा करून घेतात. राजाभाऊ ऐकून घ्यायचे, मग सामन्याकडे वळायचे. श्रेयसलाही सामन्याकडे वळलं की सुटल्यासारखं वाटायचं. संघ अकरा हरला, चौदा हरला. बारा जूनला अठरावा पराभव झाला. त्या देशात इतके सलग पराभव याआधी एकदाच, पस्तीस वर्षांपूर्वी झाले होते, असं बातम्यांत सांगत होते.

चौदा तारखेला, रविवारी, श्रेयस पुन्हा साइटवर होता. आदल्या दिवशी पावसानं अर्धवट राहिलेला सामना सकाळीच पुढे सुरू झाला होता. शेवटच्या डावात, एका धावेनं, संघ जिंकला. खेळाडू एकमेकांच्या अंगावर पडत होते आणि मैदानात टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं. केबिनमध्ये एकटाच असलेला श्रेयस ढसाढसा रडला. संध्याकाळी त्यानं राजाभाऊंना निकाल सांगितला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला काही बनवावं लागलं नाही.

"बरं," राजाभाऊ म्हणाले. त्यांच्या लेखी तो नेहमीसारखाच एक विजय होता.

त्याच आठवड्यात दुकानं उघडली. जुन्या नंबरावरून चष्मा बनवून मिळाला सतरा तारखेला. श्रेयसनं तो घरी आणला आणि पूर्णिमाला कळवलं.

"इतक्यात देऊ नका," ती म्हणाली. "चष्मा मिळाला की ते मोबाइल उघडतील. मावश्या, शेजारी, सगळ्यांनी शोकाचे संदेश टाकलेत. थोडी ताकद येऊ दे. मग मीच सांगते."

"पूर्णिमा, ते रोज विचारतात चष्म्याचं. आंधळ्यासारखं वाटतंय म्हणतात."

"चार दिवस दादा. माझ्यासाठी."

श्रेयसनं चष्मा कपड्यांच्या कपाटात ठेवला. दुकानदाराचं भिंग अजून आलं नाही, असं राजाभाऊंना सांगितलं. चार दिवसांचे सहा झाले. पूर्णिमाला रोज सांगायचं असायचं आणि रोज तिचा धीर व्हायचा नाही. तेवीस तारखेला राजाभाऊंना दवाखान्यातून विलगीकरणाच्या इमारतीत हलवलं. तिथल्या पहारेकऱ्याकडे श्रेयसनं चष्म्याची डबी दिली, वर पाहिलं आणि परत आला. आपण पूर्णिमाला न विचारता दिली, हे त्यानं तिला कळवलं नाही.

फोन दीड तासानं आला. आज मधे अजरा नव्हती.

"श्रेयस."

"बोला राजाभाऊ. चष्मा बसतोय ना नीट?"

"अठरा सामने हरले रे ते. सलग."

श्रेयसनं समोरची वही मिटली.

"मी आधी गुणांचा तक्ता उघडला. म्हटलं, बघू तरी आपण कितव्या नंबरवर आलो. सगळ्यात खाली आहोत. मला वाटलं, माझंच काही चुकतंय. मग एकेक तारीख काढून बघितली." ते थांबले. श्वास अजून पुरत नव्हता. "मग म्हटलं, जो माणूस मला हे असं सांगू शकतो, तो दुसरं काय काय सांगत असेल. मग संदेश उघडले. पहिल्या ओळीपुढे वाचवेना."

"राजाभाऊ, मी..."

"पुष्पा कधी गेली?"

श्रेयसनं डोळे मिटले. "चार तारखेला. दुपारी अडीचच्या सुमाराला."

राजाभाऊ म्हणाले, "चार. म्हणजे पाच-दोन."

"हो."

"मी हसलो होतो त्या दिवशी. अजराकडून दुसरी वाटी जेली मागून घेतली." मग त्यांनी फोन ठेवला.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात ते नजमाला परत आले. अंगावरचा सदरा दोन मापं मोठा वाटत होता. खोलीत आल्यावर त्यांनी पाणी मागितलं, प्यायले, आणि श्रेयसला समोर बसायला सांगितलं.

"पहिल्यापासून सांग. काही गाळू नकोस."

श्रेयसनं सांगितलं. पहिला फोन, वही, पूर्णिमाचा फोन, सगळं. चष्म्यापाशी आल्यावर तो अडखळला. ते वगळता आलं असतं. राजाभाऊंना कळण्याचा काही मार्ग नव्हता.

"चष्मा सतरालाच तयार होता," तो म्हणाला. "सहा दिवस माझ्या कपाटात ठेवला होता मी."

राजाभाऊंनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि परत घातला. "मी तुला विचारत होतो रोज," ते म्हणाले.

"हो."

मग त्यांनी मोबाइल काढला. पुष्पावतींचा एक आवाजी संदेश होता, तीन जूनचा. तो अजून ऐकलेला नव्हता. इतके दिवस एकट्यानं लावायचा धीर झाला नाही, ते म्हणाले. "तू बस इथंच." त्यांनी बोट टेकवलं.

धाप लागलेला, पण रोजचाच आवाज खोलीत आला. "अहो, मला आज दवाखान्यात नेतायत. पूर्णी उगाच घाबरलीय. तुम्ही काळजी करू नका, जेवत जा. तुमचे ते नारिंगीवाले जिंकतायत ना? बरं वाटलं. आल्यावर मला एकदा नीट समजावून सांगा बाई, काय असतं ते."

राजाभाऊंनी तो पुन्हा लावला नाही. मोबाइल पालथा ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. श्रेयस तिथंच बसून राहिला. उठावं की नाही, हे त्याला ठरवता येईना. खाली बकाल्यावर, म्हणजे किराणा दुकानात, कोणीतरी हिंदीत पाण्याच्या बाटल्या मोजत होतं.

सरकारनं सोडलेल्या मुंबईच्या विमानात त्यांना बाराव्या दिवशी जागा मिळाली. कंपनीच्या गाडीनं श्रेयस त्यांना विमानतळावर घेऊन गेला. दाराच्या आत फक्त प्रवाशांना सोडत होते. चेहऱ्यावर मास्क, त्यावर प्लॅस्टिकची ढाल, त्यामुळे राजाभाऊंचा चेहरा नीट दिसत नव्हता.

"मी चुकलो, राजाभाऊ," श्रेयस म्हणाला.

"पूर्णिमाला मी माफ करीन," राजाभाऊ म्हणाले. "ती माझी मुलगी आहे, मला पर्याय नाही. तुझं अजून सांगता येत नाही मला. तू वाईट मनानं केलं नाहीस, एवढं कळतं. पण ज्या दिवशी मला बायकोसाठी रडायचं होतं, त्या दिवशी मी दुसऱ्याच कशाला तरी टाळ्या वाजवत होतो. ते मला विसरता येत नाही." त्यांनी बॅगेची दांडी ओढली. "चल. गाडी थांबलीय तुझी."

ते परत आले नाहीत. ऑगस्टमध्ये त्यांनी राजीनामा पाठवला. त्यांचं सामान श्रेयसनं दोन खोक्यांत भरून जहाजानं पाठवलं. त्यानं फोन केले ते उचलले गेले नाहीत. हंगाम संपला तेव्हा संघ सर्वांत खाली होता. शेवटचे काही सामने श्रेयसनं पाहिले, पण केबिनमध्ये नवा माणूस आला होता आणि त्याला तो आवाज नको असायचा.

दिवाळीत पूर्णिमाचा फोन आला. खोकी मिळाली, ती म्हणाली.

"राजाभाऊ कसे आहेत?"

"चालतात संध्याकाळी. माझ्याशी बोलतात, रागावत नाहीत. पण दादा, मी काहीही सांगितलं ना, तर थांबतात. दूधवाला आला नाही म्हटलं, तरी माझ्याकडे बघतात आणि विचारतात, खरं सांगतेस?"

"मग तू काय म्हणतेस?"

"हो म्हणते," पूर्णिमा म्हणाली. "आणि ते उठून दार उघडून बघून येतात."