पुठ्ठ्याचं माप

"ताई, लॅपटॉपखाली हा पुठ्ठा कशाला? आमच्या काउंटरला ओरखडे नाही पडत," दुकानातला माणूस म्हणाला.

"ओरखड्यांसाठी नाही हो. माप आहे ते."

त्यानं काढलेलं तिसरं मशीनही पुठ्ठ्याच्या दोन बोटं बाहेर जात होतं. मी ते बाजूला सारलं. पुठ्ठा औषधांच्या खोक्याचा, पण कडा अशा सरळ की त्यावरून बोट फिरवत राहावंसं वाटतं. उजव्या हाताला, वरच्या कोपऱ्यात एक गोल भोक. माझे बाबा सुतार होते आणि त्यांच्या हातून झालेलं हे शेवटचं काम.

दोन महिन्यांपूर्वी फुप्फुसांच्या दुखण्यानं बाबा दवाखान्यात होते. माझं काम बसच्या वेळापत्रकांचं सॉफ्टवेअर सांभाळायचं. 'तुझं बरंय, कुठूनही काम करता येतं,' असं सगळे नातेवाईक म्हणत. त्यांनी माझा लॅपटॉप पाहिला नव्हता. उचलताना खांदा निखळायचा, पंखा घरघरायचा आणि तार काढली की पाच मिनिटांत मान टाकायचा. बाबांच्या उशाशी प्लग एकच, त्यात ऑक्सिजनचं यंत्र. म्हणून मी बाहेर, कॉरिडॉरमधल्या प्लगपाशी बाकावर बसायचे. त्यांच्या खाटेपासून बारा पावलांवर. बाबांनीच मला ती मोजायला लावली होती.

"काय इंजिनिअरबाई, आमच्याजवळ बसायला लाज वाटते काय?"

"लहान मशीन घेतेय ना बाबा. दिवसभर बॅटरीवर चालणारं. मग तुमच्या या जेवणाच्या टेबलावरच दुकान मांडते बघा."

"टेबलाचं माप घेतलंस?"

"त्यात काय घ्यायचंय? बसेल की."

"'बसेल की' म्हणणाऱ्यांचीच दारं घासतात," बाबा म्हणाले आणि त्यांनी सिस्टरकडे कात्री, टेप आणि खोकं मागितलं.

खाटेवर सरकणारं ते टेबल जेमतेम वीतभर रुंद वाटायचं. बाबांनी ते दोनदा मोजलं, पुठ्ठा आखला, कापला. तीनदा धाप लागून थांबले. मी मदतीला हात पुढे केला तेव्हा त्यांनी नुसतं पाहिलं. लहानपणी त्यांच्या पटाशीला हात लावला की असंच पाहायचे. शेवटी पाण्याचा पेला कोपऱ्यात उपडा ठेवून गोल आखला आणि तेवढा भाग काढून टाकला.

"हे भोक कशाला?"

"तिथं माझा पेला. तुझं यंत्र उरलेल्या जागेत बसलं पाहिजे. आणि तू बडवायला लागलीस तरी माझं पाणी हलता कामा नये."

त्याच दिवशी दुकान गाठायला हवं होतं. पण आमच्या धंद्यातल्या माणसांना एक खोड असते. मी तक्ता केला. बावीस मॉडेलं. वजन, बॅटरी, मेमरी, कीबोर्डची बटणं किती खोल दबतात, सगळं. मग टीममधला एकजण म्हणाला, पुढच्या महिन्यात नवी चिप येतेय, बॅटरी दोन तास जास्त टिकेल, आत्ता घेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. मलाही कुणी विचारलं असतं तर मी हेच सांगितलं असतं. मी थांबले.

बाबा रोज विचारायचे, "आलं का मशीन?"

"येतंय बाबा. पुढच्या महिन्यात सुधारलेलं येतंय."

एकदा म्हणाले, "अगं, मी नाही येणार पुढच्या महिन्यात सुधारून."

मी हसले. त्यांचा नेहमीचा टोमणा वाटला मला.

मंगळवारी सकाळी सव्वाअकराला मी नवं वेळापत्रक चढवत होते. कानात हेडफोन. सिस्टरनं म्हणे दारातून दोनदा हाक मारली. शेवटी तिनं येऊन खांद्याला हात लावला, तेव्हा मी उठले. बारा पावलं धावत गेले. टेबल भिंतीकडे ढकललेलं होतं, त्यावर बाबांचा पेला, अर्धा प्यालेला. शेवटचं पाणी त्यांना कुणी दिलं, की त्यांनी आपलं आपणच घेतलं, हे मला आजवर कळलेलं नाही. विचारायचा धीर होत नाही. माझा मलाच इतका राग येतो की त्या तक्त्याची फाइलही मी अजून उघडलेली नाही.

"ताई?" दुकानदारानं विचारलं. "कुठल्या टेबलासाठी घेताय एवढं?"

मी सांगितलं. सगळं नाही, टेबलापुरतं आणि बाबा गेल्याचं.

"मग आता ती अट राहिली नाही ना," तो हळूच म्हणाला. "तुम्ही दिवसभर कोडिंग करणार. चौदा इंची घ्या. डोळ्यांना आराम पडेल."

म्हणत होता ते अगदी खरं होतं. मी मान डोलावली आणि फळीवरचं सगळ्यात लहान मशीन दाखवायला सांगितलं. करडं, वहीसारखं हलकं. पुठ्ठ्यावर ठेवलं. कडेला बोटभर जागा उरली, कोपऱ्यातलं भोक मोकळं राहिलं.

"हे बसलं," मी म्हटलं.

"खरं सांगू का? याचं नवं मॉडेल पुढच्या आठवड्यात येतंय. थांबता का?"

"नाही," मी म्हटलं. "हेच द्या. आत्ता."

घरी आमचं टेबल लांबरुंद, बाबांनीच केलेलं. त्यावर मधोमध पुठ्ठा मांडला, पुठ्ठ्यावर लॅपटॉप. ऑफिसचे सात निरोप येऊन पडले होते. मी आत जाऊन पेला भरून आणला, भोकात ठेवला आणि टायपिंग सुरू केलं. मधेमधे थांबून बघत होते.

पाणी हलत नव्हतं.