सगळ्यांनाच पिल्लं होणार

सकाळी दवाखाना उघडायच्या आतच फोन वाजायला लागला, तो थांबायचं नाव घेईना. पहिला फोन एका बोक्याच्या मालकिणीचा. "डॉक्टर, आमच्या बोक्याला पिल्लं होणार म्हणून तुमचा मेसेज आलाय. अभिनंदनसुद्धा केलंय!" दुसरा पोपटवाल्याचा. तिसऱ्याने आपल्या कुत्र्याचं ऑपरेशन याच दवाखान्यात करून घेतलं होतं. मग तुम्ही नेमकं कापलंत तरी काय, असं तो विचारत होता.

प्राण्यांची डॉक्टर असलेली ताई तोंडाने "हो, चूक झाली, हो" म्हणत होती आणि डोळ्यांनी धाकट्या बहिणीला जाळत होती. दवाखान्याचा प्रोग्राम या धाकटीनेच लिहिला होता. नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केल्यावर मिळालेलं हे तिचं पहिलंच गिऱ्हाईक, तेही घरचं.

"गाभण जनावरांच्या मालकांना मेसेज पाठव म्हटलं होतं मी," फोन ठेवून ताई म्हणाली. "अख्ख्या गावाला बाळंत करायला नव्हतं सांगितलं!"

"बघते ना, ताई."

"बघतेस काय? आता माफी पाठव. आणि खरोखर गाभण आहेत त्यांना ती जाता कामा नये. ती लॅब्रॅडॉरवाली बाई पिल्लांसाठी स्वेटर विणतेय. तिला 'पिल्लं नाहीत' असं कळलं तर इथेच आडवी होईल. या वेळी घोळ झाला ना, तर तुझा प्रोग्राम बंद. मी आपली परत कार्डांवर लिहीन." असं म्हणून तिने कपाटावरून कोऱ्या कार्डांचा जाडजूड गठ्ठा खाली काढला आणि धाकटीच्या नाकासमोर आपटला. डुगडुगतं टेबल आणखीच डुगडुगलं.

सख्ख्या बहिणीने हाकलल्यावर बाहेरचं कोण दारात उभं करणार? धाकटीने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि नखं खात खात प्रोग्राम वाचायला लागली. थोड्या वेळाने तिने कपाळावर हात मारला.

"सापडलं. शून्य!"

"मला कळेल असं सांग."

"हे बघ. सगळ्या जनावरांची माहिती एका तक्त्यात असते. त्या तक्त्याची भाषा वेगळी, माझ्या प्रोग्रामची वेगळी. तक्त्याला काही विचारायचं झालं की मी तो प्रश्न त्याच्या भाषेत, अवतरणचिन्हांत घालून पाठवते. प्रोग्राम चालायच्या आधी माझ्या भाषेचा एक तपासनीस सगळं वाचतो. पण अवतरणचिन्हं दिसली की तो आत डोकावतच नाही. झाकण लावलेला डबा म्हण ना. आत जेवण आहे की बेडूक, फाटकावरचा रखवालदार उघडून थोडाच बघतो?"

"आणि तुझ्या डब्यात बेडूक होता."

"हो. तक्त्यात अवस्था शब्दात लिहिलेली आहे. गाभण, आजारी, ठणठणीत. मी शब्दाऐवजी यादीतला त्याचा नंबर पाठवला. गाभण पहिला, म्हणजे शून्य; आम्ही शून्यापासून मोजतो."

"का?"

"सवय. तर तक्ता निघाला भिडस्त. शब्दाची आकड्याशी तुलना कशी करू, असं उलट विचारायचं सोडून तो शब्दांचेच आकडे करत बसला. आता 'ठणठणीत'मधून काय आकडा निघणार? शून्य. 'आजारी'चंही शून्य. सगळेच शून्य, म्हणून सगळेच पास."

ताईने चष्मा काढून पुसला. "म्हणजे पोपट गाभण कसा, असं मधे कुणीच विचारलं नाही?"

"कुणीच नाही. पण भाषेच्या नव्या आवृत्तीत तक्त्याला विचारायचे प्रश्न माझ्याच भाषेत लिहायची सोय आहे. डबा नाही, झाकण नाही. प्रश्नही तपासनीस वाचतो. मीच आज करू, उद्या करू म्हणत टाळत होते."

धाकटीने नवी आवृत्ती घेतली आणि माफीचा प्रश्न लिहायला बसली: ज्यांची अवस्था गाभण नाही, असे सगळे. शेवटची कळ दाबली, तशी ओळीखाली लाल रेघ उमटली.

"घे! परत बिघडलं," ताई म्हणाली.

धाकटी मात्र हसायलाच लागली. "अगं, मी सवयीने पुन्हा आकडाच लिहिला! आणि वाच, काय म्हणतोय: अवस्था हा मजकूर आहे, त्याची आकड्याशी तुलना करता येणार नाही."

"म्हणजे चालत नाहीये."

"चालतच नाहीये!"

"तुमच्या धंद्यात काम अडलं की नाचतात का?"

"चालून तमाशा करण्यापेक्षा अडलेलं बरं, ताई."

तिने आकडा खोडून शब्द घातला. रेघ गेली. मेसेज पाठवायच्या आधी तिने नावं पडद्यावर आणली. ताईने बोट ठेवून एकेक नाव वाचलं. बोका होता, पोपट होता, लॅब्रॅडॉर नव्हती. मग माफी गेली. दोघी फोनकडे बघत बसल्या. लॅब्रॅडॉरवाल्या बाईंचा फोन काही आला नाही. स्वेटर बचावला.

आलं ते दार ढकलून एक घमेलं. घमेल्यात कासव, आणि घमेल्यामागे कासववाले काका.

"माफी मिळाली डॉक्टर, पण आम्ही अंड्यांसाठी वाळूची पेटी भरून ठेवलीय हो. आणि हे सारखं कोपरे उकरतंय. म्हटलं विचारून जावं."

"काका, तुमचं कासव नर आहे. मी स्वतः लिहिलंय."

"बघा तरी एकदा."

काकांचं मन मोडू नये म्हणून ताईने एक्स-रे काढला. फिल्म उजेडाला धरली आणि तिचा हात तसाच वर राहिला. कासवाच्या पोटात गोल गोल अंडी होती, खिशात गोट्या भरल्यासारखी.

"बघा! पहिलाच मेसेज बरोबर होता!" काका टाळी वाजवत म्हणाले.

ताई धाकटीच्या कानाशी वाकली. "तुझ्या तपासनिसाला हे नाही का गं कळलं?"

"नाही. शब्दाच्या जागी शब्द आहे ना, एवढंच तो बघतो. नर की मादी, ते डॉक्टरांनी बघायचं असतं."

ताईने जीभ चावली. मग धाकटीच्या मांडीवरचा लॅपटॉप आपल्याकडे वळवून स्वतःच्या हाताने 'नर' खोडलं, 'मादी' लिहिलं, आणि अवस्थाही बदलली.

"आता काकांना माफीची माफी पाठव. फक्त काकांना."

"अहो, मी इथेच उभा आहे की," काका म्हणाले.

"उभे राहा. मला हिचा प्रोग्राम बघायचाय."

काकांचा खिसा वाजला. तिघांनीही दवाखान्याच्या फोनकडे पाहिलं. तो गप्प होता. आणखी थोडा वेळ थांबून पाहिलं, तरी गप्पच.

ताईने कोऱ्या कार्डांचा गठ्ठा उचलला, खाली वाकली आणि टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवला. टेबल डुगडुगायचं थांबलं.

"मांडीवर काय घेऊन बसलीस?" ती म्हणाली. "ठेव इथे नीट."