निघण्याचा डाव

आमचे अण्णा पत्त्यांत लबाडी करतात. घरात सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत कुणी नाही. उभा जन्म फुटबॉलच्या मैदानावर रेफ्री म्हणून दुसऱ्यांचे फाउल पकडण्यात गेला, त्याचं उट्टं आता निवृत्तीनंतर आमच्यावर काढतात. हरले की जेवताना बोलत नाहीत. म्हणून आम्ही हरतो.

मी त्यांची धाकटी मुलगी. अग्निशमन दलात बंब चालवते. यंदा साहेबांनी माझ्या गळ्यात आणखी एक काम मारलं, ते म्हणजे जंगलाला लागून असलेल्या वस्तीत घरोघरी जाऊन वणव्याची तयारी शिकवायची. पत्रकांचा गठ्ठा दिला. लोक पत्रक घेतात, गोड हसतात आणि त्यावर गरम पातेलं ठेवतात. दोन घरं झाल्यावर माझं डोकं फिरलं. गठ्ठा गाडीत टाकला आणि घरी येऊन जुन्या चादरीवर अख्खी वस्ती रंगवली. खोक्याचा मोठा फासा केला. त्यावर वारा कुठल्या दिशेने आला ते लिहिलं. फासा पडला की आग चादरीवर पुढे सरकणार, आणि घरातल्यांनी खरोखर धावायचं. कागदपत्रं, औषधं, पाणी, पायात चपला नव्हे, बूट, गॅस बंद, खिडक्या बंद, आणि गाडीचं तोंड आधीपासून रस्त्याकडे. स्वयंपाकघरातल्या वाळूच्या घड्याळातली वाळू संपायच्या आत सगळे गाडीत हवेत. घराभोवती जळण्यासारखं काही ठेवलं नसेल तर वर जादा गुण.

वस्तीला वेड लागलं. नाक्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी एका गुणासाठी भिंतीलगतचं वाळकं कुंपण मुळासकट काढलं. बँकेतले नवरा-बायको छपराच्या पन्हळीतला पाचोळा कुणी काढला यावरून माझ्यासमोर भांडले, आणि भांडता भांडता वाळू संपली. जिने चढून माझ्या पोटऱ्या भरून आल्या, पण मी इतकी खूश कधीच नव्हते. लोक रस्त्यात अडवून विचारायचे, आमच्याकडे पुन्हा कधी येतेस?

राहिलं होतं एकच घर. आमचं. उतारावरचं शेवटचं, मागच्या दारापासून झाडंच झाडं.

गेल्या उन्हाळ्यात धूर आला तेव्हा सगळी वस्ती खाली उतरली आणि अण्णा पाण्याचा पाइप हातात घेऊन व्हरांड्यात बसून राहिले. दादा ओरडला, वहिनी रडली, शेवटी भिंगरीला घेऊन दोघं निघाले. भिंगरी म्हणजे त्यांची मुलगी, वय नऊ, तोंड नव्वदीचं. मी तेव्हा टेकडीच्या पलीकडे आगीशी झुंजत होते आणि डोक्यात फक्त अण्णा होते. ऐन वेळी वारा फिरला, घर वाचलं. तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच ऐकवतात, "मी बसलो म्हणून घर राहिलं." ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आणि आता दुसऱ्या दिवशी गरम वारा सुटणार होता. साहेबांनी सांगून ठेवलं होतं, घरं रिकामी करायचा हुकूम कधीही निघेल. मी ड्युटीवर असणार. अण्णांना उठवायला माझ्याकडे ती एकच दुपार होती.

मी चादर पसरली. अण्णा खेळणार नाही म्हणाले. मी म्हटलं, डॉक्टरांच्या घराने सगळ्यांना हरवलंय. अण्णा खुर्ची ओढून बसले.

पहिला डाव असा रंगला की काय सांगू. वहिनीने औषधांचा डबा समजून शिवणाचा डबा उचलला. दादा गाडीच्या किल्ल्या खिशात असताना घरभर शोधत फिरला. अण्णा कोपऱ्यात उभे राहून सगळ्यांचे फाउल मोजत होते. भिंगरी फासा टाकायची आणि आग सरकली की टेबलावर उड्या मारायची.

दुसऱ्या डावात चिठ्ठ्या होत्या. एकाला हट्टी म्हातारा व्हायचं, एकाला त्याला बाहेर काढणारा जवान. हट्टी म्हातारा अण्णांकडे आणि जवान भिंगरीकडे जाईल अशी सोय मी करून ठेवली होती. होय, मीपण लबाडी केली, बापाचीच लेक. नातीपुढे विरघळतील असा माझा हिशेब होता. अण्णांनी चिठ्ठी हळूच उघडून पाहिली, तोंड कडू झालं. मग चष्मा शोधायच्या निमित्ताने वाकले, आणि सरळ झाले तेव्हा त्यांची चिठ्ठी भिंगरीपुढे होती, भिंगरीची त्यांच्या हातात. मी पकडणारच होते, पण तोंड मिटून घेतलं. म्हटलं बघू या.

"मी जवान," अण्णा छाती काढून म्हणाले.

भिंगरीने चिठ्ठी वाचली आणि तिचे डोळे चमकले. उठली, अण्णांचीच खुर्ची ओढली, पायावर पाय टाकला, छत्री पाइपसारखी मांडीवर धरली आणि हनुवटी वर केली. वहिनी तोंडात पदर कोंबून हसायला लागली, कारण हुबेहूब अण्णा बसले होते. मी वाळूचं घड्याळ उलटं केलं.

"चला, निघा," अण्णा म्हणाले.

"काही होत नाही," भिंगरी त्यांच्याच घोगऱ्या आवाजात म्हणाली. "असे धूर लई पाहिलेत."

"हुकूम आहे."

"हुकूम मला नका सांगू. मी सारा जन्म हुकूम दिलेत."

दादा हसून हसून भिंतीला टेकला. अण्णांना चेव चढला. आधी दरडावलं, मग गोडीत आले, मग चॉकलेटचं आमिष दाखवलं. भिंगरी ढिम्म. अण्णांनी तिचा दंड धरला तसं मी सांगितलं, ओढून न्यायचं नाही, जवानाला अजून पुढची घरं उठवायची असतात. त्यांनी वाळूकडे पाहिलं. निम्म्याहून जास्त खाली गेली होती. मग ते खुर्चीपुढे गुडघ्यावर बसले. त्या दुखऱ्या गुडघ्यावर. आम्ही सगळे ओरडत होतो, कोण कुणाच्या बाजूने तेही कळत नव्हतं.

"अगं बाळा, आग दारात आलीय. ऊठ."

"घर कोण राखणार? मागच्या वर्षी मी बसलो म्हणून राहिलं."

"वारा फिरला म्हणून राहिलं," अण्णा खेकसले. "तुझ्या त्या पाइपाने काय डोंबल होणार होतं?"

आम्ही कुणीच त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते मात्र भिंगरीकडेच बघत होते आणि वाळूचे शेवटचे कण पडत होते.

"ऊठ ना गं," ते अगदी हळू म्हणाले.

भिंगरीने मान हलवली. वाळू संपली. तिने डोळे मिटले आणि मान एका बाजूला टाकली.

"वेळ संपली. मी जळाले."

"बरं, झालं. ऊठ आता."

"मेलेय ना मी. कशी उठू?"

पोरीला खेळात दयामाया नाही, तेही घराण्यातलंच. अण्णांनी तिच्या गालाला हात लावला. मग खुर्चीला धरून उठले आणि आत जाऊन दार लावून घेतलं. रात्री जेवायला आले नाहीत. हरले म्हणून की आणखी कशाने, मला कळेना. विचारायची हिंमत झाली नाही. मी तशीच ड्युटीवर गेले.

दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला. वर आग लागली होती, आणि आमचा बंब वर जायच्या आधी मला नाक्यावर गाड्यांना वाट करून द्यायला उभं केलं होतं. वाऱ्याने डोळे उघडत नव्हते. एकेक गाडी येऊ लागली, कशी रांगेत, हॉर्न नाही, धक्काबुक्की नाही. बँकेतली बाई काच खाली करून ओरडली, "वाळूच्या आत निघालो हं." काम झालं होतं. पण मी प्रत्येक गाडीकडे बघत होते ते आमच्या गाडीसाठी.

ती आली. पुढे दादा आणि वहिनी. मागच्या सीटवर अण्णा, भिंगरीचं मनगट दोन्ही हातांनी धरून. पोरगी सोडा म्हणत होती, ते सोडत नव्हते. मला रडू फुटलं, लपवलंही नाही.

"आम्ही उठायच्या आधी गाडीत जाऊन बसले होते," दादा म्हणाला.

अण्णांनी काच खाली केली. माझ्या हेल्मेटकडे पाहिलं, मग वर धुराकडे, आणि मागे उभ्या बंबाकडे.

"तू वर चाललीस?"

"हो, अण्णा."

हरल्यावर मिटतात तसं तोंड त्यांनी मिटून घेतलं नाही.

"मागे फिरा म्हणतील तेव्हा मागे फिर," ते म्हणाले. "माझ्यासारखी बसून राहू नकोस. मला खाली बसून तुला उठवता येणार नाही."

मी मान हलवली. मागे गाड्या थांबल्या होत्या, म्हणून दादाला पुढे जायची खूण केली.