भिंतीकडची रांग

टोमॅटोच्या पानांवर काळे ठिपके दिसले तेव्हा मी आधी सुनेवरच संशय घेतला. दिवसभर प्रयोगशाळेत जंतूंशी खेळायचं आणि संध्याकाळी त्याच हातांनी माझ्या काचघरात शिरायचं! मी तिला तोंडावर तसं म्हटलंही.

"आई, माझे जंतू बाटलीबाहेर पडत नाहीत," ती म्हणाली. "हे तुमचे, घरचेच."

घरचे म्हणे! चाळीस वर्षं ते काचघर मी आरशासारखं ठेवलंय.

ठिपके मात्र वाढत गेले. आधी मोहरीएवढे, कडेने पिवळे, मग अख्खं पान करपून गळायचं. मोरचुदाचं पाणी मारलं, ते ढिम्म हलले नाहीत. आम्ही रोपं विकणारे, त्यामुळे शेतीखात्याचे तपासनीस आले. भिंगातून पान बघून म्हणाले, "जंतूंचा रोग आहे. आजूबाजूला पसरेल. सगळं उपटून जाळा."

सगळ्यात माझ्या सासूबाईंचा टोमॅटोही आला. चुण्या पडलेला, बटव्यासारखा. ते वाण दुसऱ्या कुणाकडे नाही, आणि डबीतलं होतं नव्हतं ते बी मी यंदाच पेरून बसले होते. ही रोपं जळली की ते वाण संपलं.

सुनेने तीन आठवडे मागून घेतले. तपासनिसांनी दिले, पण दाराबाहेर एक पानही जाता कामा नये, असं बजावून.

तिने सडकी पानं धुतली आणि ते घाण पाणी बाटलीत भरून कामावर नेलं. पान नाही, पाणीच गेलं, अशी मी मनाची समजूत घातली. पाचव्या दिवशी झाकण लावलेली एक चपटी बशी माझ्यासमोर धरली. आत सायीसारखा गढूळ थर आणि त्यात जागोजाग स्वच्छ भोकं.

"काय खाल्लं गं याला? झुरळाने?"

"जंतूंना रोग झालाय, आई. गढूळ दिसतात ते ठिपक्यांचे जंतू. भोकं आहेत तिथले विषाणूंनी खाल्ले. बॅक्टेरिओफेज म्हणतात त्यांना. आपल्याच पानांच्या धुवणात सापडले."

जंतूसुद्धा आजारी पडतात, हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मी त्या पाहुण्यांचं नाव खादाड ठेवलं आणि जेवताना सुनेला घास गिळू दिला नाही.

"आपल्याला चावतील?"

"नाही. हे त्या एकाच जातीचे जंतू खातात."

"लाडावलेत. आणि जंतू संपले की?"

"उपाशी राहतात, हळूहळू नाहीसे होतात."

"म्हणजे काम झालं की पाहुणे आपणहून निघाले! असे पाहुणे या घरात अजून आलेले नाहीत."

ती हसली आणि प्रयोगशाळेतून भरून आणलेली खादाडांची बाटली फ्रिजमध्ये दुधाशेजारी ठेवली. मी हळूच उघडून वास घेतला. ना वास, ना रंग.

मग तिने बारा-बारा कुंड्यांच्या दोन रांगा लावल्या. दाराकडच्या रांगेला खादाड, भिंतीकडच्या रांगेला नुसतं पाणी.

"ह्या बारांनी काय पाप केलंय?" मी विचारलं.

"तुलनेला लागतात. नाहीतर तपासनीस म्हणतील, रोग आपोआप गेला. आई, भिंतीकडे हात लावायचा नाही. कबूल?"

"दूध उतू जातंय बघ," मी म्हटलं. कबूल काही म्हटलं नाही.

चार लेकरं वाढवली मी. एकाच्या ताटात वाढून दुसऱ्याला बघत बसवलं नाही कधी. चौथ्या दिवशी भिंतीकडची पानं गळायला लागली आणि मला राहवेना. सून रोज दिवस मावळताना फवारायची. कामावरून तेव्हाच येते, म्हणून असेल. दुपारी काचघरात मी एकटीच. उकाडा नको म्हणून छताच्या झडपा उघडायच्या, बाटली काढायची आणि भिंतीकडच्या बाराही जणांना पानाच्या दोन्ही बाजूंनी न्हाऊ घालायचं. पाच दिवस घातलं.

"बाटली लवकर उतरतेय," सून म्हणाली.

"गळत असेल."

पण भिंतीकडची रांग खंगतच गेली. दाराकडे हिरवी पालवी आणि इकडे काड्या! खादाड तेच, टोमॅटो तोच. आवडनिवड करतात की काय हे? की माझ्या हाताला गुण नाही? विचारावं तर चोरी पकडली जाणार, न विचारावं तर झोप येईना.

तपासनीस आले. दाराकडच्या रांगेवर भिंग फिरवून खूश झाले. मग भिंतीकडे वळले. "हिला खरंच काही दिलं नव्हतं?"

"फक्त पाणी," सून म्हणाली. अगदी सरळ आवाजात.

पोरगी माझ्यापायी खोटी पडत होती आणि तिला पत्ताही नव्हता.

"दिलंय," मी म्हटलं. "मी दिलंय."

तपासनिसांनी पेनाला टोपण लावलं. सुनेचं तोंड पांढरं पडलं.

"तुला काय ओरडायचं ते मागाहून ओरड. रोज दुपारी बाराला, पाच दिवस मारलं. तरी ही रांग का गेली, ते आधी सांग."

"दुपारी? झडपा उघड्या ठेवून?"

"मग काय उकडून मरू?"

ती पालथ्या कुंडीवर मटकन बसली आणि हसायलाच लागली. "ऊन, आई! काच थोडं तरी अडवते, पण झडपांतून थेट येणाऱ्या भर उन्हात हे टिकत नाहीत, तासाभरात निकामी होतात. म्हणून तर मी संध्याकाळी फवारते."

"मला वाटलं, तू तेव्हा कामावरून येतेस म्हणून."

"तेही आहेच."

तपासनिसांनी टोपण काढलं. "दुपारची रांग आणि संध्याकाळची रांग असं लिहितो. पण काहीच न दिलेली रांग कुठे आहे? निकाल देता येत नाही. जाळायचा हुकूम आणखी तीन आठवडे थांबवतो. यावेळी तीन रांगा करा. आणि काचघराची किल्ली..."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी पुढे बोलायच्या आत मी कमरेची किल्ली काढून सुनेच्या हातावर ठेवली. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच.

भिंतीकडची बारा रोपं मी स्वतः जाळली. उरलेल्या रोपांच्या नव्या तीन रांगांत नुसत्या पाण्यावर उपाशी कुणी राहायचं, तेही मीच निवडलं. दुसऱ्या कुणाला निवडू दिलं नसतं.

आता संध्याकाळी सून फवारते तेव्हा मी काचघराबाहेर खुर्ची टाकून बसते, त्या उपाशी रांगेकडे पाठ करून. दाराकडच्या सहाव्या कुंडीत पहिलं फूल आलंय, एवढं कळलंय.

"आई, आत या ना. मी आहे सोबत."

"नको. माझ्या हातांचा भरवसा नाही. तू तिथूनच सांग, आजच्या बशीत किती भोकं पडली?"