सोमवारचा इंग्रजीचा तास

“आर यू फ्री ऑन संडे?” पडद्यावरच्या बाईनं विचारलं.

पंचफुलाबाईंनी मोबाइल दोन्ही हातांत धरला, तोंडाजवळ नेला आणि ठणकावून सांगितलं, “हाव.”

पडद्यावर अक्षरं उमटली, ‘हाऊ?’ बाई गोड हसली आणि सुट्टीच्या दिवशी वेळ कसा काढावा हे समजावून सांगू लागली. थांबेचना.

“हे काय लावलं हिनं?” पंचफुलाबाईंनी मागं वळून विचारलं.

“तुमीच विचारलं की मावशी, कसं म्हणून,” रामकिशन म्हणाला. “इंग्रजीत हाव म्हंजे कसं.”

“मी कवा विचारलं? रविवारी मोकळी हायस का म्हणली, मी हाव म्हणलं.”

“येस म्हणावं लागतंय.”

“तेच म्हणलं की! माझ्या बोलीत म्हणलं. समद्या जगाला शिकवायलीय, अन् तिला हाव कळंना?”

वर्ग हसला. जगदेवी मॅडमही हसल्या, पण तेवढ्यात पडद्यावर लाल फुली आली आणि ॲप सगळ्यांना घेऊन पुन्हा पहिल्या धड्यावर गेलं. त्या आठवड्यातली ही तिसरी खेप. वर्गाला मिळून एकच लॉगिन होतं. एकजण अडखळला की सगळ्यांनी ‘हॅलो’पासून सुरुवात करायची, असा त्या ॲपचा न्याय होता. नीट म्हणणाऱ्या राजकन्येनंही निमूटपणे वही मागं उलटली.

“बंद करा ते. मी सांगते,” जगदेवी म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या, तेव्हा कुठं पुढच्या बाकावर ऐकू गेलं.

त्यांचा आवाज मुळातच हळू. मुखेडकडच्या एका विनाअनुदानित शाळेत त्यांनी उमेदीची सगळी वर्षं इंग्रजी शिकवलं. मागच्या बाकावरची पोरं ऐकू यावं म्हणून आपण होऊन पुढं येऊन बसायची, त्यामुळं जगदेवींना छडीची गरज कधी पडली नाही. शाळा बंद पडली आणि त्या नांदेडच्या या केंद्रात आल्या. केंद्र म्हणजे एका कापडदुकानाच्या वरच्या दोन खोल्या, मध्ये प्लायवूडची भिंत. शिकणारे सगळे नवखे, पण प्रत्येकाचं इंग्रजीवाचून काहीतरी अडलेलं. पंचफुलाबाई धर्माबादहून मिरची आणून मसाला कुटायच्या. तो ऑनलाइन विकला जायला लागला तशा गिऱ्हाइकांच्या तक्रारी इंग्रजीतून यायला लागल्या. रामकिशन मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, आडत दुकानावर होता आणि हैदराबादच्या कंपनीचा फोन वाजला की लघवीला जायचा. राजकन्या इस्लापूरची, किनवटच्या वसतिगृहात राहून बारावी झालेली. गुरुद्वाऱ्याकडच्या एका लॉजवर ती खोल्या आवरायची. इंग्रजी बोलायला लागलीस की काउंटरवर बसवतो, असं मालकानं तिला सांगितलं होतं.

केंद्रात लागताना जगदेवींची एकच अट होती. सोमवारी त्यांचं मौन असतं. इष्टलिंगाची पूजा तर रोजचीच, ती झाल्याशिवाय पाणी नाही. पण सोमवारी उपास, आणि उठल्यापासून दिवेलागणीपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. उदगीरला त्यांची आई रत्नम्मा हे व्रत करायची. ती गेली आणि पुढच्या सोमवारपासून कुणी न सांगता जगदेवींनी ते घेतलं.

पण वर्गात कुणीतरी बोलायला तर हवं. म्हणून त्यांनी इंटरनेटवरचे फुकटचे व्हिडिओ शोधायला सुरुवात केली. दुपारी भांडी घासून झाली की मोबाइल घेऊन बसायचं. कुठं एक गोरा माणूस लिफ्टमध्ये साहेबाला गाठून आपला धंदा समजावतोय, कुठं दोन बायका कॉफीच्या मशीनजवळ हवापाण्याचं बोलतायत. आपल्या साहेबाला नावानं हाक मारा, हा धडा त्यांनी वगळला. रामकिशननं मालकाला नुसतं ‘मल्लिनाथ’ म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून तो दुकानातही दिसला नसता आणि वर्गातही. पुष्कळ पाहावेत तेव्हा एखादा कामाचा निघे. सोमवारी तो लावायचा, दर वाक्याला थांबवायचा, फळ्यावर वाक्य लिहायचं, त्याच्याखाली मराठी. लिफ्टच्या जागी त्या मोंढ्याचा काटा लिहायच्या, कॉफीच्या जागी चहाचा गाडा. आणि हळूहळू वर्गानंही सोमवारी बोलणं सोडलं. शंका असली तर वहीत लिहून दाखवायची. तसं कुणी ठरवलं नव्हतं.

मल्लेश सरांनी हे पाहिलं आणि तिथंच बिघडलं.

मल्लेश सर केंद्राचे चालक, वयानं जगदेवींच्या लेकासारखे. व्हिडिओवर लोक शिकतात म्हटल्यावर त्यांनी कुठल्याशा कंपनीचं ॲपच आणलं. आता ॲप शिकवणार, ॲप ऐकणार, ॲपच मार्क देणार. माणसानं नुसतं सोबत बसायचं. त्या बसणाऱ्याला ‘फॅसिलिटेटर’ म्हणत, आणि त्यासाठीही बोलण्याची परीक्षा होती.

‘हाव’चा घोळ झाला त्या दिवशी वर्ग सुटल्यावर ते दारातच भेटले.

“मॅडम, तुमच्या परीक्षेचा स्लॉट आला. सोमवारी अकरा वाजता.”

“सोमवारी?”

“हाव, माहीत हाय मला. पण मी न्हाई दिला, पोर्टलनं दिला.”

“मंगळवारचा मागून बघा न.”

“मागितला. डायरेक तीन महिन्यानं दाखवून राहिलं. तवर लॉगिन बिनमाणसाचं ठेवता येत न्हाई. लातूरची एक मुलगी हाय, स्वप्नाली म्हणून, पास होऊन बसलीय. तिला द्यावा लागंल वर्ग.”

“आणि ही माणसं?”

“ती कुठं जायलीत? नवीन लॉगिनवर पहिल्या धड्यापासून चालू करतील, एवढंच.”

एवढंच, म्हणे. जगदेवींनी पर्स एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“एका दिवसाचा प्रश्न हाय मॅडम. देवाला काय कळत न्हाई का? ॲडजस्ट करतोय देव.”

“देव करतोच ओ. मलाच जमायचं नाही.”

“अं? काय म्हणलात?”

“काही नाही,” जगदेवी म्हणाल्या.

घरी जाऊन त्यांनी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. तिथंही यंत्रच होतं. आपली अडचण थोडक्यात सांगा, म्हणालं. त्यांनी इंग्रजीत सांगितली, व्याकरणाला धक्का न लावता. यंत्र म्हणालं, माफ करा, नीट समजलं नाही, पुन्हा सांगा. पुन्हा सांगितली. मग त्यानं सनईसारखं काहीतरी लावून दिलं आणि ते वाजतच राहिलं. शेवटी चुलीवरचं दूध उतू जायला लागलं म्हणून त्यांनी फोन ठेवला. इतक्या वर्षांत विद्यार्थ्यानं काही विचारलं आणि त्यांनी ‘समजलं नाही’ म्हणून त्याला असं टांगून ठेवलं, असं एकदाही झालं नव्हतं.

रविवारी संध्याकाळी नवरा, मन्मथ, अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसला होता. त्या शेजारी जाऊन बसल्या आणि सगळं सांगितलं.

“तुझ्या आईनं काय केलं असतं?” त्यानं विचारलं.

“आईला कुणी इंग्रजी बोल म्हणलं नसतं.”

“ते बी खरंच हाय.” त्यानं चार शेंगा सोलल्या. “मग जायलीस का न्हाई?”

“जाते. बसल्यावर बघते.”

“मशीन पुढ्यात ठेवून बघून राहायचं का?”

“तुम्ही शेंगा सोला,” त्या म्हणाल्या.

सोमवारी सकाळपासून लाईट नव्हती. केंद्रातला इन्व्हर्टर लहान, त्यावर परीक्षेचा तेवढा संगणक चालू ठेवला होता. शेजारच्या खोलीत वर्ग लवकर येऊन बसला होता. पंचफुलाबाईंनी दही-साखरेची वाटी आणली होती. उपासाला चालतंय अशी खूण करून त्यांनी स्वतःच चमचा जगदेवींच्या तोंडाजवळ धरला. राजकन्येनं वहीत मोठ्या अक्षरात ‘बेस्ट ऑफ लक मॅडम’ लिहून दाखवलं. सोमवार होता ना.

जगदेवी कानाला हेडफोन लावून बसल्या. पडद्यावर तीच गोड हसणारी बाई आली. हॅलो म्हणाली. आपली ओळख करून द्या, म्हणाली. बाजूला एक हिरवं कडं आकसत जायला लागलं. ते संपायच्या आत बोलायचं होतं.

त्या बघत राहिल्या. नाही बोललं तर काय होईल, हे त्यांनी रात्रभर स्वतःला समजावलं होतं. वर्ग जाईल. जाऊ दे. शाळा गेली तसा वर्ग जाईल. पण आत्ता त्यांना परवाची राजकन्या दिसली. कॅनडाच्या पाहुण्यांना ‘युवर रूम इज रेडी, सर’ असं न अडखळता म्हणून आली होती आणि ते सांगायला जिने पळत चढली होती. दारात उभी राहून धापा टाकत नुसती हसत होती. त्या मुलीला पुन्हा ‘हॅलो’पासून, तेही ‘बंद करा ते, मी सांगते’ म्हणणारं कुणी नसताना.

कडं अर्ध्यावर आलं.

सोमवारचा पहिला शब्द दिवेलागणीला निघायचा, दिव्यासमोर, आणि तो ठरलेला असायचा : ओम नमः शिवाय. त्या दिवशी तो ‘हॅलो’ निघाला.

“हॅलो. माय नेम इज जगदेवी. आय टीच इंग्लिश.”

बाई हसत राहिली. खाली अक्षरं आली : ‘आम्हाला तुमचा आवाज ऐकू आला नाही. कृपया मोठ्यानं बोला.’

जगदेवींना आधी अर्थच लागला नाही. मग त्या पुढं सरकल्या, माईक ओठांना टेकवला आणि पुन्हा म्हणाल्या. पुन्हा तीच अक्षरं. तिसऱ्या वेळी त्यांनी टेबलाची कड धरली. गळ्याच्या शिरा ताणून, कधी कुणाला हाकसुद्धा मारली नव्हती एवढ्या मोठ्यानं त्या ओरडल्या, “माय नेम इज जगदेवी! आय टीच इंग्लिश!”

प्लायवूडच्या पलीकडं बाक सरकवल्याचा आवाज येत होता, तो थांबला. कुणाची तरी कुजबुज चालू होती, तीही थांबली.

पडद्यावर फुगे उडाले. ‘आवाज नोंदवला गेला नाही. तुमची पातळी : नवशिके एक. काळजी करू नका, प्रत्येकजण कुठून तरी सुरुवात करतोच!’ खाली एक बटण होतं, पहिल्या धड्याला चला म्हणून.

त्यांनी हेडफोन काढला. घसा दुखत होता. व्रत मोडलं याचं रडू यायला हवं होतं. पण राग येत होता, आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. बाई तर हसतच होती.

मल्लेश सर फोन कानाला लावूनच जिना चढून आत आले. पडदा पाहिला. फोनवर हात ठेवला.

“न्हाईच बोललात न मॅडम?” ते म्हणाले. “मला वाटलंच होतं. मानलं तुम्हाला. एवढा वर्ग हातचा गेला, पण मौन न्हाई मोडलं. आमच्या घरी सांगणार हाय मी हे.”

“मी बोलले,” जगदेवी म्हणाल्या. आवाज बसला होता.

पण मल्लेश सर पुन्हा फोनवर गेले होते. “हां स्वप्नाली मॅडम, उद्यापासून येता येतंय का? लातूरहून सकाळची बस…” असं बोलत ते जिना उतरले.

जगदेवी उठल्या. वर्गाला सांगायलाच हवं होतं. मी बोलले, मौन मोडलं, आणि तरी वर्ग गेला. दोन खोल्यांच्या मधल्या चार पावलांत त्यांनी ही वाक्यं मनात जुळवली. आता तोंड उघडायला अडचण काहीच नव्हती.

वर्गात सगळे माना खाली घालून बसले होते. एरवी दारातच ‘कसा गेला पेपर’ म्हणून गराडा पडला असता. आज कुणी वर बघेना. राजकन्येनं फळा पुसून ठेवला होता, वर तारीख घातली होती.

“मॅडम, तुमी आत्ता तिथं…” रामकिशननं तोंड उघडलं आणि तो कळवळलाच. पंचफुलाबाईंनी बाकाखालून त्याला असा चिमटा काढला होता की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, जगदेवींच्या जवळ आल्या आणि कानाशी लागून हळूच म्हणाल्या, “हितं पंख्याचा लई आवाज हाय मॅडम. भिंतीपल्याडचं काय बी ऐकू येत न्हाई.”

रामकिशननं मांडी चोळत मान डोलावली. राजकन्येनंही.

जगदेवींनी वर पाहिलं. पंख्याची तिन्ही पाती सकाळपासून जागच्या जागी थांबलेली होती.

त्यांनी खडू घेतला आणि त्या फळ्याकडं वळल्या.