दोन बोटं अलीकडे

मित्रांनो, मी एक जुनी साखळी आहे. लांबी बरोब्बर दहा यार्ड. आमच्या ओहायोत फुटबॉल हातात घेऊन पळतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे गेलात तर चेंडू तुमच्याकडे राहतो, नाहीतर समोरच्यांना जातो. शंका आली की मला मैदानात नेऊन ताणतात.

टॅमरॅक कॉलेजच्या लोहारशाळेत मी घडले. सत्तेचाळीस सालच्या बर्फात मैदानावरच्या रेषाच दिसेनात, तेव्हा सगळा सामना माझ्या भरवशावर झाला. जिंकल्यावर कोणीतरी माझा मुकासुद्धा घेतला!

माझ्या दोन्ही टोकांना एकेक काठी. त्यातली पुढची गावचा न्हावी ऑर्विल धरायचा. त्याच्या शेजारी कितवा प्रयत्न ते दाखवणारी पाटी घेऊन खाटीक डच उभा असे. दोघे लंगोटीयार. कॉलेजसाठी जीव टाकणारे, पण साखळीवाल्यांनी ओरडायचं नाही असा नियम होता.

एकसष्टचा अंतिम सामना. टॅमरॅकला विजेतेपद कधीच मिळालं नव्हतं. शेवटचं मिनिट, टॅमरॅकचा चौथा प्रयत्न. मला ताणलं. चेंडू काठीपर्यंत पोचला! गाव नाचायला लागलं. पंचांचा हात वर जाणार, इतक्यात ऑर्विलच्या बोटांना माझी एक कडी दुसरीवर चढलेली लागली. तेवढी मी आखूड झाले होते.

"डच, कडी अडकलीये रे."

"गप बस! पंचांना दिसली का? मग तुला कशाला नसती उठाठेव?"

"अरे, पण माप चुकतंय."

"माझा पोरगा खेळतोय, ऑर्विल!"

ऑर्विलने मला झटका दिला. कडी सुटली, काठी पुढे सरकली आणि चेंडू दोन बोटं अलीकडे राहिला. टॅमरॅक हरलं.

साखळीला कुठली बाजू नसते. तरी ऑर्विलसाठी मला वाईट वाटलं. लोक केस कापायला वीस मैलांवर जाऊ लागले. डच दर शनिवारी त्याच्या शेजारीच उभा राही, पण अकरा वर्षं एक शब्द बोलला नाही.

बहात्तरला पुन्हा अंतिम सामना, पुन्हा चौथा प्रयत्न. ऑर्विलच्या म्हाताऱ्या बोटांना आता कडी नीट लागत नव्हती. डचने पाटी खाली ठेवली, गुडघे टेकले आणि माझ्या सगळ्या कड्यांवरून बोट फिरवलं.

"सरळ आहे, ऑर्विल. मोज."

चेंडू याही वेळी अलीकडेच राहिला. ते दोघे मात्र एकाच गाडीतून घरी गेले.

आता मी कॉलेजच्या काचेच्या कपाटात आहे. कोणीतरी घाईत टांगल्यामुळे माझी एक कडी पुन्हा अडकलीये. मित्रांनो, कधी कपाट उघडलंत, तर तेवढी सोडवा.