निळा अंगठा

अभिलेखागारात सगळे त्याला डॉक्टर म्हणत. जुन्या फोटोंवरची बुरशी, धूळ, चिकटपट्ट्यांचे व्रण काढायचं त्याचं काम, आणि ते तो असं करायचा की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. ही गोष्ट त्याला स्वतःलाही पुरेपूर ठाऊक होती, हीच काय ती अडचण.

यंदा मोठ्या घराण्याचे फोटो आले. मोठं म्हणजे किती, तर दवाखान्यावर, वाचनालयावर आणि नदीच्या पुलावरही त्यांचंच नाव. चार पिढ्यांचे पेटीभर फोटो: पायऱ्यांवर बसलेले, मोटारीला टेकलेले, पाहुण्यांशेजारी ताठ उभे. प्रदर्शनाची तारीख ठरली आणि डॉक्टरची धावपळ सुरू झाली.

साफ करण्याआधी फोटोचा फोटो काढून ठेवायचा, असा तिथला नियम. कॅमेरा मात्र प्रदर्शनाच्या कामासाठी खालच्या मजल्यावर नेलेला. त्या दिवशी त्याच्यापुढे पायऱ्यांवरचा फोटो होता. आजोबांच्या खुर्चीशेजारी, जिथे कुणी उभं नव्हतं तिथे, एक निळा डाग. एवढ्याशा डागापायी कोण जिने उतरणार? ओला कापूस, हलका हात, आणि डाग गेला. त्याने मुद्दाम साहेबांना बोलावून दाखवलं. "डॉक्टर, मानलं तुम्हाला," साहेब म्हणाले. स्वारी दिवसभर हवेत होती.

पुढच्याच आठवड्यात फोन आला. त्या घरातल्या सगळ्यांत वयस्कर बाई, ज्यांना घरचेदारचे सगळेच आत्याबाई म्हणत, त्या बोलत होत्या.

"तुम्हीच ना ते फोटो साफ करणारे? माझा अंगठ्याचा फोटो नीट आहे ना?"

"अंगठ्याचा?"

"अहो, पायऱ्यांवरचा. खुर्चीशेजारी निळा अंगठा नाही का? माझ्या धाकट्या भावाचा तो. फोटोच्या दिवशी त्याला गोवर आला होता, म्हणून आतल्या खोलीत ठेवलेलं. फोटो घरी आला तर त्यात सगळे, अगदी कुत्रासुद्धा, आणि हाच नाही. दौतीत अंगठा बुडवला आणि दिला उमटवून. म्हणाला, मी इथे! महिनाभरात गेला बिचारा. चार वर्षांचा होता. एवढ्या पेटीत त्याचं तेवढंच आहे हो. मी प्रदर्शनाला येणार ती त्याच्यासाठीच."

"नीट आहे, आत्याबाई," डॉक्टर म्हणाला.

तोंडातून गेलं ते गेलं. फोन ठेवल्याबरोबर त्याने कचऱ्याची टोपली पालथी घातली. तो कापूस काय त्याची वाट बघत बसणार होता? कॅमेऱ्यातून सुटलेलं पोर, कसंबसं फोटोत शिरलेलं, आणि याने ते पुसून वर शाबासकी घेतली. खरं सांगून टाकावं म्हणून त्याने कितीदा फोन उचलला आणि तितक्यांदा ठेवून दिला.

रविवारी तो मुलीला घेऊन अभिलेखागारात आला. तीही चार वर्षांचीच. तिच्या अंगठ्याला निळी शाई लावून, मनगट धरून, त्याने तो फोटोतल्या खुर्चीशेजारी अलगद टेकवला. हात जराही थरथरला नाही, आणि याचीच त्याला जास्त लाज वाटली. पोरीला मात्र मजा आली.

"बाबा, अजून एक?"

घरी कुणी विचारायला नको म्हणून त्याने तिथल्याच नळाखाली तिचा अंगठा घासला. शाई जाईना. त्याने आणखी जोरात घासला. ती रडायला लागली तसा तो तिच्यावर असा खेकसला की ती घरी पोचेपर्यंत गप्प राहिली.

प्रदर्शनाला आत्याबाई भाच्याचा हात धरून आल्या. मोठमोठ्या तसबिरींकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. पायऱ्यांवरच्या फोटोपुढे उभ्या राहिल्या, चष्मा पुसला, पुन्हा लावला. डॉक्टर शेजारीच उभा. बऱ्याच वेळाने त्यांनी भाच्याला पाणी आणायला पिटाळलं.

"घरी लहान मूल आहे का रे तुझ्या?"

"आहे. मुलगी," डॉक्टर म्हणाला. मग मात्र त्याला राहवेना. "आत्याबाई, तुमच्या भावाचा अंगठा मी पुसला. डाग समजून पुसला. हा तिचा आहे."

"त्याचा अंगठा एकदा दारात सापडला होता. आडवा व्रण होता त्यावर," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटलं.

"माफ करा, असं तरी कुठल्या तोंडाने म्हणू?"

आत्याबाई फोटोकडेच बघत होत्या.

"मी आठ वर्षांची होते. नवा कोरा फोटो खराब केला म्हणून मीच त्याच्या कानाखाली वाजवली. आणि शाई जाईना म्हणून दगडाने घासून घासून अंगठा लाल केला. रडत होता, तरी सोडलं नाही." त्यांनी डॉक्टरचं मनगट धरलं. "तू रागावला नाहीस ना रे तिला?"

डॉक्टरने मान खाली घातली. "रागावलो."

"मग आधी घरी जा," आत्याबाई म्हणाल्या. "फोटोचं नंतर बघू."